पॅसेजमधली धाप

१

आमच्या पायाखाली एक माणूस यंत्राच्या आधारानं श्वास घेत असे, आणि त्या आवाजाची आम्हाला सवय झाली होती. जुन्या पनवेलमधल्या या दुमजली घरात आम्ही वर भाड्यानं राहतो. खाली घरमालक, मराठी ज्यू असलेले इनॉक काका आणि हेप्झिबा काकू. काकांची फुप्फुसं थकलेली, म्हणून त्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र सतत चालू. फुस्स, मग जरा थांबून पुन्हा फुस्स. माझी आठ महिन्यांची चारुता त्याच तालावर झोपायची.

रविवारी दुपारी बारा बावन्नला तो आवाज थांबला.

चारुताला पाजून मी नुकतंच घड्याळ पाहिलं होतं. बोर्डाची वीज बारा वीसलाच गेली होती. मे महिन्यात दुपारी ती जातेच. पण खालच्या घराला गच्चीवरची सौर पॅनल होती, बॅटरी होती, इन्व्हर्टर होता. काकांची खोली कधी बंद पडत नसे. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या शांततेत खालून आधी तीन बारीक 'टिक' ऐकू आले, आणि मागोमाग मालूमावशींची हाक.

मी चारुताला कडेवर घेऊन खाली धावले. काकांचे ओठ निळसर पडले होते. त्यांना सांभाळणाऱ्या मालूमावशी खाली बसून लहान सिलिंडरची नळी त्यांच्या नाकाशी लावत होत्या. त्यांचे हात जराही कापत नव्हते. काकूंनी एक जाड सोलापुरी चादर बादलीत बुचकळून काकांच्या अंगावर टाकली होती. ठाण्याहून आलेला मुलगा अवीव गाडी काढत होता. पाच-सात मिनिटांत काकांना त्या ओल्या चादरीसकट उचलून सगळे दवाखान्यात गेले.

घरात मी आणि चारुता उरलो. मी मागच्या पॅसेजमध्ये गेले. इन्व्हर्टर तिथे भिंतीवर डोक्याच्या उंचीला बसवलेला आहे. पेटीच्या काळ्या चकचकीत काचेवर लाल दिवा लुकलुकत होता. पेटीवर, पेटीखाली, आजूबाजूला काहीच नव्हतं. मी बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

तेवढ्यात काचेत मला एक बाई दिसली. केस सुटलेले, कडेवर मूल. ती मीच होते, पण हे कळायला क्षण गेला. आणि त्या क्षणी पेटीच्या आतून कुणीतरी लांबलचक श्वास घेतला.

२

तो पंखा होता. थंड झालेली पेटी पुन्हा सुरू होत होती. चारुता मात्र माझ्या खांद्यात तोंड खुपसून संध्याकाळपर्यंत कुरकुरत राहिली.

अवीवदादा रविवारी संध्याकाळी वर आले. काका अतिदक्षता विभागात होते. दादा उंबऱ्यातच उभे राहिले.

"अनुया, एक सांगतो. बाळाला मालूच्या हातात देऊ नकोस."

मला कळलंच नाही. मालूमावशी रोज सकाळी दहाला तासभर वर यायच्या. तेवढ्यात मी आंघोळ करायचे, दोन घास गरम खायचे. चारुता त्यांच्या मांडीवर जितकी हसायची तितकी माझ्याही नाही.

"इन्व्हर्टर तिनंच बंद केला," दादा म्हणाले. "बुधवारी मी तिला सांगितलं होतं की आईबाबांना ठाण्याला नेणार, पुढच्या महिन्यापासून तुझं काम नाही. गुरुवारी दुपारी इन्व्हर्टर बंद पडला. शुक्रवारीही पडला. तेव्हा बोर्डाची वीज होती म्हणून बाबांचं यंत्र थेट तिच्यावर चाललं. शनिवारी काही झालं नाही. शनिवारी मालूची सुट्टी असते. आज ती आली आणि पुन्हा बंद."

"पण सिलिंडर तर त्यांनीच लावला."

"तेच म्हणतो मी. सिलिंडर कपाटात असतो. आज सकाळीच तिनं तो बाबांच्या पलंगाशी आणून ठेवला होता. हिला आधीच कसं ठाऊक?" त्यांनी कपाळ पुसलं. "उद्या संध्याकाळी पाचला पोलिसात जातोय. तू इन्व्हर्टरवाल्या कंपनीत होतीस ना? तेवढं तुझं म्हणणं लिहून दे."

सोमवारी सकाळी दहाला दारावर नेहमीची टकटक झाली. मी दार चार बोटं उघडलं. मालूमावशींनी हात पुढे केले होते.

"आज नको, मावशी. झोपलीय ती."

तेवढ्यात आतून चारुता खिदळली. मावशींनी हात खाली घेतले. त्या जिना उतरल्या, एकेक पायरी मोजत असल्यासारख्या.

३

महाप्याच्या एका कंपनीत मी तीन वर्षं तक्रारींचे फोन घेतले आहेत. दर उन्हाळ्यात हटकून एक प्रश्न यायचा: मॅडम, ऊन एवढं कडक, मग दुपारी वीज कमी का बनते? मी सांगायचे की पेटी स्वतःला जपते. पोटातलं तापमान वाढलं की ती काम कमी करते, पंखे जोरात फिरवते आणि फारच झालं तर जीव वाचवायला बंद पडते. थंड झाली की आपली आपण उठते.

इनॉक काकांना फोनमधलं काही जमत नसे, म्हणून त्यांच्या इन्व्हर्टरचं ॲप माझ्याच फोनवर होतं. चारुता झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. सोमवारी दुपारी ती मी भांड्यांना दिली नाहीत.

गेल्या महिन्याचा आलेख आधी पाहिला. रोज दुपारी पेटीचं तापमान सत्तरच्या आसपास जाऊन थांबत होतं. गुरुवारी एक्याण्णव. शुक्रवारी नव्वद. शनिवारी एकाहत्तर. रविवारी ब्याण्णव, आणि बंद.

शनिवार हा त्या आठवड्यातला सगळ्यात तापलेला दिवस होता.

मी पुन्हा पाहिलं. कुणी खटका पाडला असता तर रेघ एकदम खाली कोसळली असती, आणि आधी तापमान वाढायचं काही कारण नव्हतं. इथे सकाळी नऊपासून तापमान चढत होतं, वीज पायरी पायरीनं कमी होत होती, आणि शेवटी पेटीनं स्वतः डोळे मिटले होते.

पेटी बसवून देणाऱ्या शैलेशला मी सकाळीच बोलावलं होतं. तो पॅसेजमधून वर आला तो हात पुसतच.

"ताई, जाळी स्वच्छ, दोन्ही पंखे फिरतायत. आत्ता ऐन दुपारी एकोणसत्तर आहे. नव्वदला जायचं कारणच नाही. आत काही बसलंय म्हणाल तर ते माझ्या वॉरंटीत येत नाही."

"विनोद नको, शैलेश. एका बाईला पोलीस नेतील."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "हे बघा. गुरुवारी बंद पडल्यावर थंड व्हायला अडीच तास. शुक्रवारीही तेवढेच. आणि रविवारी?"

"पंधरा मिनिटं."

"तीच पेटी, तेच ऊन," तो म्हणाला. "मग दोन दिवस तिची उष्णता कोण धरून बसलं होतं?"

४

मालूमावशी घरी गेल्या नव्हत्या. ओट्यावर, जांभळाच्या सावलीत, काकांची खबर येईल म्हणून बसल्या होत्या. मी चारुताला वर शैलेशच्या समोर झोळीत ठेवून आले होते, जिन्याचं दार उघडं ठेवून. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"सिलिंडर का आणून ठेवलात, मावशी?"

"गुरवारी दुपारी पॅसेजमदनं धाप आयकली. माणूस डोंगर चढून आल्यावर टाकतो ना, तशी. मग टिक टिक. शुकरवारी परत तेच. मी अवीवदादांना बोलले, मशीन धापतंय, बगा जरा. ते बोलले, मावशी, मशीन हाय ते." त्यांनी पदराला गाठ मारली आणि सोडली. "मग मी सिलिंडर जवळ ठेवला. आमी अडाणी, आमाला तेवडंच सुचतं."

"पॅसेजमध्ये जाऊन पाहिलंत?"

"नाय."

"का?"

त्यांनी एकदा घराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंगळवारी मिल्काबाई गेल्या. काकांची बहीन. त्या शेवटाला तशाच धापायच्या. तीच धाप, ताई. माजी छाती झाली नाय."

मिल्का आत्या दोन महिने याच घरात आजारी होत्या. वरूनसुद्धा मला त्यांचा दम ऐकू यायचा. दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात माझ्या मानेवर काटा आला.

"अजून एक हाय," मावशी म्हणाल्या. "दादांना नाय बोलले. ते हसतील. काल काकूंनी काकांच्या अंगावर चादर टाकली, ती मिल्काबाईंची. मी वळखते, मीच धुवायची ती. बादलीत बुडवायच्या आदी माज्या हाताला लागली. गरम होती. पार गरम. मेलेल्या बाईची चादर, आनि ताप भरलेल्या अंगासारकी गरम."



५

खालच्या हॉलमध्ये अवीवदादांची नऊ वर्षांची मुलगी ओर्ली एकटीच चित्र रंगवत बसली होती. भिंतीवरच्या आरशावर पांढरी चादर होती. कपाटाच्या आरशावर होती, टीव्हीवर होती, न्हाणीतल्या आरशावरही टॉवेल अडकवलेला होता. माती दिल्यापासून सात दिवस यांच्या घरात आरसे झाकून ठेवतात, हे मला ठाऊक होतं.

"वेणी कुणी घातली गं? छान आहे."

"ही बाबांनी. वाकडी आहे," ओर्ली म्हणाली. "शनिवारी मी स्वतः घातली होती, आरशात बघून."

"आरसे तर झाकलेत."

"शनिवारी नव्हते. शाब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवशी, दुःख दाखवायचं नसतं. शुक्रवारी दिवे लावायच्या आधी आजीनं सगळं काढलं. मी घड्या घालायला मदत केली. सात घड्या. मग शनिवारी आकाशात तारे दिसल्यावर आजीनं परत झाकलं."

मी फोन काढला. शुक्रवार, संध्याकाळी सहा चाळीस. पेटीचं तापमान बावन्नवर रेंगाळत होतं, ते दहा मिनिटांत एकेचाळीसवर आलं होतं. जणू कुणी झाकण उचललं. आणि मालूमावशी शुक्रवारी पाचलाच घरी गेल्या होत्या. मी गच्चीवरून कपडे काढताना त्यांना जाताना पाहिलं होतं.

"ओर्ली, झाकलेल्या सगळ्या जागा मला दाखवतेस?"

आम्ही घरभर हिंडलो. एक, दोन, तीन. बेडरूममधला लांब आरसा धरून सहा भरल्या. ओर्लीनं बोटांवर दोनदा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सात होत्या," ती म्हणाली.

मागे चाहूल लागली. पॅसेजच्या तोंडाशी हेप्झिबा काकू उभ्या होत्या. दवाखान्यातून कधी आल्या ते कळलं नव्हतं. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. भिंतीवरच्या काळ्या काचेकडे पाहत होत्या, चेहरा थोडा कडेला वळवून, स्वतःचं प्रतिबिंब दिसू नये अशा बेतानं.

६

साडेचारला अवीवदादा आले. हातात तक्रारीचा कागद. ओर्लीला मी वर पाठवलं, चारुताला शैलेशकडून घेऊन आले आणि डायनिंग टेबलाशी बसले. काकू खुर्चीत बसल्या. मला त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. मी तसं सुचवलंही, पण त्या हलल्या नाहीत.

"दादा, खटका कुणीच पाडला नाही," मी म्हणाले आणि आलेख दाखवला. "पेटी तापून बंद पडली. तिच्यावर काहीतरी जाड पांघरलेलं होतं, वरची हवा जायची जागा बुजेल असं. गुरुवारी होतं, शुक्रवारी होतं. शुक्रवारी सहा चाळीसला ते निघालं, म्हणून शनिवारी एवढ्या उन्हातही ती नीट चालली. शनिवारी रात्री ते परत पडलं. रविवारी बारा बावन्ननंतर लगेच निघालं, म्हणून पंधरा मिनिटांत थंड झाली."

"मालूच टाकत असेल मग."

"शुक्रवारी पाचनंतर मालूमावशी इथे नव्हत्या. शनिवारी तर नव्हत्याच. आणि रविवारी बारा बावन्ननंतर त्या काकांपाशी बसून नळी लावत होत्या. मी पाहिलंय."

दादा आलेख पाहत राहिले. "मग कोण?"

मी चारुताच्या केसांतून बोटं फिरवत राहिले. ज्यानं कुणी केलं त्याला कल्पना नव्हती, एवढंच म्हणून थांबायचं मी ठरवलं होतं.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "ती सांगणार नाही, अवीव. चांगली पोर आहे. मी केलं."

दादांनी मान वर केली.

"बुधवारी मिल्काला माती देऊन आलो. मी एकेक आरसा झाकत निघाले. पॅसेजमध्ये आले तर त्या काचेत बाई उभी. डोक्यावर पदर, गालफडं बसलेली. मला वाटलं मिल्काच. आम्ही दोघी म्हातारपणी एकसारख्या दिसायला लागलो होतो, तुझे बाबा चिडवायचे त्यावरून." काकू पुढे म्हणाल्या. "तो आरसा नाही हे मला कळत होतं. पण चेहरा दिसत होता ना. सात दिवस तरी दिसू नये. तिचीच चादर होती हाताशी, दुहेरी करून टाकली."

"आई, मग आवाज आला तेव्हा..."

"गुरुवारी चादरीखालून धाप यायला लागली. चादर हलायची. मी समोर उभी राहून पाहिलं, अवीव. नाकातोंडावर ओढून घेतलेली चादर हलते तशी हलत होती. मला वाटलं, हिचा जीव अजून इथेच अडकलाय. चादर काढली तर काय दिसेल म्हणून हात लावला नाही. शुक्रवारी शाब्बाथसाठी काढावीच लागली. डोळे मिटून काढली. आणि शनिवारी दिवसभर धाप नाही. किती बरं वाटलं मला. म्हटलं, शाब्बाथचा विसावा तिलाही मिळाला. मग उरलेले दिवस पुरे करावेत म्हणून परत पांघरली."

मागे पॅसेजमध्ये पंखा सुरू झाला आणि आम्ही तिघंही त्या दिशेनं वळलो. त्याला आता दम लागत नव्हता. तो नुसता फिरत होता.

"काल इनॉक निळा पडला. पंखा बंद, अंग भाजत होतं त्याचं. धावत पॅसेजमध्ये गेले आणि हाताला आली ती ओढली. गरम लागली, तरी मला काही कळलं नाही." त्यांनी डोक्यावरचा पदर ओढून घेतला. "मी माझ्याच माणसाचा श्वास कोंडला. तीन दिवस उभी राहून ऐकत होते."

"काकू, तुम्ही एकट्याच नव्हता ऐकत," मी म्हणाले. "आवाज मलाही वर येत होता. मी तर याच कामाचा पगार घ्यायचे. गरमीत होतं असं म्हणून मी कूस बदलली."

दादांनी कागदाची चौकोनी घडी घातली, मग आणखी एक घातली. "मला मालूनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी. मी तिला म्हटलं, मशीन आहे ते."

मग ते फोन उचलायला गेले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"फोनवर नाही, अवीव. तिच्या दारात जायचं."

७

साडेचारच्या सुमारास मालूमावशी ओट्यावरून उठून गेल्या होत्या. दादांच्या हातातला कागद पाहून त्यांना कळलं असणार, आणि पोलीस यायच्या आत घरचं आवरून ठेवावं असं वाटलं असणार. आम्ही त्यांच्या गावी, नेऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. गाडी पाहून त्या दारात आल्या. अंगावर धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी, तिच्यातून टॉवेलचं टोक बाहेर आलेलं.

"मी तयार हाय," त्या म्हणाल्या.

काकू पुढे झाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, चादरीपासून शेवटपर्यंत, स्वतःला कुठेही न वाचवता. मग दादा म्हणाले, "माझं चुकलं, मावशी. तुम्ही सिलिंडर आणला नसतात तर बाबा आज नसते."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, सगळ्यांना दिलं.

"काका कसे हायत?"

"सकाळी खुणेनं चहा मागितला," काकू म्हणाल्या.

"साखर नका देऊ जास्त. तुमी द्याल." त्या काकूंजवळ उंबऱ्यावर बसल्या. मग मावशी म्हणाल्या, "मी बी भ्यालेच ना, काकू. मी जाऊन बगितलं असतं, तर चादर मीच काडली असती."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

माझी पाळी राहिली होती. चारुता माझ्या कडेवरून मावशींच्या दिशेनं झेपावत होती, दोन्ही हात पुढे करून, तोंडानं तिची ती बडबड करत. मी दोन पावलं पुढे गेले आणि तिला त्यांच्यासमोर धरलं.

मावशींनी तिच्या पायाला बोट लावलं. चारुतानं ते बोट मुठीत पकडलं. पण मावशींनी हात पुढे केले नाहीत.

"तुमी दार चार बोटं उगडलंत, ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "दादांनी मला कवा वळखलं नवतं. तुमी वळखत होता."

आई झाल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला घाबरते, असं काहीसं मनात आलं. ते खरंही होतं. पण त्यांच्या दारात उभं राहून म्हणण्यासारखं ते नव्हतं.

"माझं चुकलं, मावशी," एवढंच म्हणाले.

त्यांनी मान हलवली. चारुताच्या मुठीतून बोट हळूच सोडवून घेतलं, तिला लागणार नाही असं.

"उद्या दहाला येते. काकांची खोली धुवाय पायजे, ते घरी यायच्या आदी."

"आणि वर?" मी विचारलं.

मावशी चारुताकडे बघत राहिल्या. ती त्यांच्याकडे बघून हसत होती, दोनच दात दाखवत.

"उद्या नाय," त्या म्हणाल्या. "तुमी दार पुरतं उगडून ठेवा. मी येन माजी मी."